घरचं वजा करून

शुभांगीच्या लॅबमध्ये दर सोमवारी रिकामा डबा मोजायची पद्धत होती. डब्यात काहीच घालायचं नाही, तो शिशाच्या विटांच्या कोठीत ठेवायचा, झाकण लावायचं आणि यंत्र चालू करायचं. बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकडेपणा वाटेल. पण थोडा किरणोत्सार सगळीकडेच असतो, भिंतीत, मातीत, आपल्या अंगातसुद्धा. तो आधी ठाऊक नसेल तर बेदाण्यातलं किती आणि भिंतीतलं किती, हे कळायचं कसं? म्हणून रिकाम्या डब्याचा आकडा काढून ठेवायचा आणि आठवडाभर प्रत्येक नमुन्यातून तो वजा करायचा. लॅबचे मालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, त्या आकड्याला 'घरचं' म्हणायचे. घरचं वजा केलं का, हे विचारल्याशिवाय ते कुठल्याही दाखल्यावर सही करत नसत.

लॅब नाशिकच्या सातपूरला होती. पिंपळगाव बसवंतचे बेदाणे, कांद्याची पूड, दुधाची भुकटी असलं काहीबाही परदेशी जायचं, आणि सोव्हिएत रशियातल्या अणुभट्टीच्या त्या अपघातानंतर तिकडच्या लोकांनी धसकाच घेतलेला. मालात त्या अपघातात उडालेलं सीझियम नाही असा दाखला हातात पडल्याशिवाय ते गोणीला हात लावत नसत. तो दाखला द्यायला सरांनी सगळी पुंजी ओतून जर्मेनियमचं यंत्र आणलं होतं. साधा काउंटर फक्त टिकटिक करतो, इथे काहीतरी आहे एवढंच सांगतो. हा मुठीएवढा स्फटिक मात्र जे आहे त्याचं नाव सांगायचा. पडद्यावर प्रत्येक मूलद्रव्याची रेघ आपापल्या जागी सुईसारखी उभी राहायची आणि शेजारची रेघ तिच्यात मिसळायची नाही. त्यासाठी स्फटिकाला भयंकर थंडी लागे. द्रव नायट्रोजन पिंपांतून यायचा तो गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रातून, आणि पिंप उतरवताना टेम्पोवाला दर वेळी विचारायचा, मॅडम, तुमचा वळू कुठं बांधलाय? शुभांगी पहिल्यांदा लाजली होती, नंतर तीच त्याला यंत्राकडे बोट दाखवायला लागली.

मखमलाबादच्या माळ्याची पोर एम.एस्सी. होऊन असल्या यंत्रावर बसते याचं तिच्या बापाला, देवरामला, केवढं कौतुक. बाजारात झेंडूचे क्रेट उतरवताना तो हमालांनाही सांगायचा की आमची शुभा दिसत नाही ते मोजती.

दोन हजार चार साली शिशाच्या विटा वाढवल्या आणि जुनं टेबल वाकायला लागलं. सरांनी शुभांगीला द्वारका चौकात पुंजाकडे पाठवलं. पुंजा फॅब्रिकेशनवाला, हाताला चोख आणि जिभेला फटकळ. त्याने जाड अँगल कापून हत्ती उभा राहील असा स्टँड करून दिला. शेडच्या कोपऱ्यात त्याच लोखंडाचे तुकडे आणि एक अख्खी लांबी उरली होती. कुठल्याशा मिलचा भंगार वितळवून केलेला माल, पुंजा म्हणाला, स्वस्तात मिळाला, तुला काही करून हवं असेल तर सांग. शुभांगीला आण्णांची, म्हणजे बापाची, बाज आठवली. मळ्यातल्या शेडमध्ये ते झोपायचे, पहाटे फुलं तोडायला सोपं म्हणून, आणि त्या बाजेची सुतळी इतकी सैल झाली होती की त्यांची पाठ जवळजवळ भुईला टेकायची. तिने पुंजाला खाट करायला सांगितली. खाली पट्ट्या, डोक्याशी गोल कमान, वर हिरवा रंग.

खाट मळ्यात उतरली त्या दिवशी देवराम तिच्यावर बसून दोनदा उडाला, चिमणाबाईला, म्हणजे शुभांगीच्या आईला, हाका मारून बोलावलं आणि म्हणाला की आता मी साहेब झालो. शेडमध्ये काम करणारा वाळू, पेठकडच्या डोंगरातला सालदार, तोही हात फिरवून फिरवून कमान पाहत होता. शुभांगीला आयुष्यात इतकं समाधान पुन्हा कधी मिळालं नाही.

नव्या स्टँडवर पहिल्या सोमवारी रिकामा डबा मोजला तेव्हा पडद्यावर दोन नव्या रेघा उभ्या होत्या. अकराशे त्र्याहत्तर आणि तेराशे बत्तीस. बारीक होत्या, पण स्पष्ट होत्या. असली जोडी एकाच गोष्टीची असते, कोबाल्ट साठची. ती कॉलेजच्या पोरालाही पाठ असते. शुभांगीने सरांना बोलावलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पाहिलं आणि हसले. आजकालच्या पोलादात कुठे ना कुठे चिमूटभर कोबाल्ट निघतंच, ते म्हणाले, हे आपल्या स्टँडचं, घरचं आहे, वजा कर. तिने वजा केलं. पुढची साडेतीन वर्षं दर सोमवारी त्या दोन रेघा येत राहिल्या आणि दर सोमवारी ती त्या वजा करत राहिली. काम अगदी नियमाप्रमाणे चाललं होतं.

त्याच लोखंडाची उरलेली लांबी आपल्या बापाच्या पाठीखाली आहे, हे तिच्या मनात एकदाही आलं नाही. लॅबमधलं लॅबमध्ये आणि मळ्यातलं मळ्यात, असे दोन कप्पे तिने स्वतःच डोक्यात पाडून ठेवले होते. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं, आणि मला त्याचा राग येतो.

तिसऱ्या वर्षी देवरामच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आधी त्याने मिश्रीवर खापर फोडलं. मग अंगावर निळे डाग उठले, क्रेट उचलताना धाप लागायला लागली, साध्या तापातून तो महिना महिना उठेना. नाशिकच्या डॉक्टरांनी हाडातला मगज तपासला आणि सांगितलं की रक्त तयार होणंच थांबलंय. काय करता, फवारणी करता का, असं त्यांनी विचारलं. कुठला माळी फवारणी करत नाही? सगळ्यांनी मान हलवली. औषध मारून मारून झालं, असं देवराम स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, आणि चिमणाबाईने घरातला फवारणीचा पंप उचलून विहिरीत टाकला.

दवाखान्यात ठेवलं, बाटल्या चढवल्या की त्याला जरा तरतरी यायची. मग तो घरी जायचा हट्ट धरायचा. मळ्यात मोकळी हवा आहे, माझी खाट आहे, मला तिथं न्या. आणि शुभांगी त्याला रिक्षातून आणून, उशी नीट लावून, स्वतःच्या हाताने त्या खाटेवर निजवायची. वाळू रात्रंदिवस उशाशी बसून त्याचं रक्ताचं थुंकणं धुवायचा. दोन हजार सातच्या दसऱ्याला मळा झेंडूने भरून गेला होता, पण तो तोडायला देवराम राहिला नव्हता.

तेराव्याला मेलेल्या माणसाचं अंथरूण दान देतात. गादी, उशी, छत्री, वहाणा आणि झोपायची जागा, म्हणजे पुढच्या वाटेवर त्याला भुईवर पडावं लागत नाही. भटजी गादीवर आणि दक्षिणेवर राजी होते, लोखंडी खाट कोण वाहून नेणार? चिमणाबाईला ती घरात ठेवून घ्यायची होती. शुभांगी अडून बसली. आण्णांचं ज्याने केलं त्यालाच आण्णांची खाट द्यायची, असं तिने ठरवलं आणि वाळूच्या कपाळाला कुंकू लावून, सुपारी देऊन, सगळ्यांसमोर ती त्याला दिली. वाळू रडला. त्याने खाट जीपच्या टपावर दोराने बांधली आणि पेठ रोडने घेऊन गेला.

पुढच्या वैशाखात लॅबमध्ये एक उद्योजक चेहरा पाडून आला. त्याचे लोखंडी सुटे भाग परदेशी बंदरावर अडकवले होते, त्यांत किरणोत्सार आहे म्हणून. त्याने त्याच मालाचे तुकडे आणले होते. शुभांगीने पहिला तुकडा ठेवला, काहीच नाही. दुसऱ्यातही नाही. तिसरा ठेवला आणि अकराशे त्र्याहत्तर आणि तेराशे बत्तीस पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडल्या. तिने झाकण उघडून तो तुकडा बाहेर टेबलावर ठेवला तरी रेघा वाढतच होत्या. कुणीतरी कुठल्यातरी कारखान्यातला कोबाल्टचा गोळा भंगारात टाकला होता, तो भट्टीत गेला होता, पण नीट मिसळला नव्हता. त्यामुळे एकाच ओतीव मालाचं एक टोक निर्धास्त निघालं होतं आणि दुसरं टोक जीव घेणारं.

लोखंड कुठून घेतलं, असं तिने त्याला विचारलं. त्याने मिलचं नाव सांगितलं. तिने पुंजाला फोन लावला आणि पुंजानेही तेच सांगितलं.

ती स्टँडकडे पाहत उभी राहिली. स्टँडला निर्धास्त टोक आलं होतं. मग दुसरं टोक कुठे गेलं, हे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. ती खाली बसली. हिरड्या, डाग, थांबलेलं रक्त, दवाखान्यात येणारी तरतरी आणि मळ्यात गेलं की होणारी घसरण, सगळं आपोआप जागच्या जागी बसत गेलं. बापाला ती स्वतः दर वेळी उचलून त्या लोखंडावर निजवत आली होती. आणि बाप गेल्यावर तिने ते पुण्य म्हणून दुसऱ्याच्या घरी पाठवलं होतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ साडेतीन वर्षांच्या सोमवारांचे आलेख उलटत बसले. आपण नियमाप्रमाणेच केलं, ते शेवटी म्हणाले. मग त्यांनी मुंबईला अणुऊर्जा खात्याला फोन केला. तिकडची माणसं परवा येणार होती, तोवर कुणी हात लावू नका असं त्यांनी बजावलं. परवापर्यंत कुणीतरी त्या खाटेवर अजून दोन रात्री झोपणार होतं. शुभांगीने हातात धरायचा साधा काउंटर पिशवीत घातला आणि पेठ रोडला लागली.

वाटेत मळ्यात उतरली. खाट जिथे होती तिथे शेडच्या भुईवर चार पायांचे खळगे अजून दिसत होते. तिने काउंटर खळग्यांवर धरला, मग जिथे आण्णांची पाठ असायची तिथे धरला. मधूनच एखादी टिक, कुठेही येते तशी. तीन वर्षं तिथे जे काही झालं त्याची त्या यंत्राला काही खबर नव्हती. चिमणाबाई दारात येऊन काय शोधतेस म्हणून विचारत होती. ती खाटेच्या पायथ्याशी बसून नवऱ्याचे पाय चेपायची, हे शुभांगीला तेव्हा आठवलं. आई, उद्या तुझं रक्त तपासायचं आहे, एवढंच ती बोलली.

वाळूचा पाडा पेठच्या पुढे, घाट उतरून, सागाच्या बोडक्या रानात होता. उन्हाळा असल्यामुळे कामाला गेलेली माणसं घरी परतली होती. वाळूची बायको नवसाबाई अंगणात नागली पाखडत होती. तिने सूप टाकून शुभांगीचे हात धरले, पाणी दिलं, आणि खाट कुठे आहे असं विचारताच तिचा चेहरा खुलला.

"तुमच्या आण्णांची खाट लय गुणाची हाय, ताई. पाड्यात कोणी बाळंतीण झाली का आधी तीच नेत्यात. आता आमची लंका आलीय बाळंतपणाला. पोरगा झाला. उद्या पाचवी हाय."

शुभांगीने विचारलं, आजवर कोण कोण झोपलं त्या खाटेवर? नवसाबाईने कौतुकाने बोटांवर मोजून सांगितलं. पुढच्या घरची सून, खालच्या आळीची एक, मग तिची धाकटी जाऊ. जावेचं लेकरू दहा दिवसांत गेलं, पण ते आधीच अशक्त होतं, ती म्हणाली. असेलही अशक्त. ते कशाने गेलं हे आता जगातलं कुठलंच यंत्र सांगणार नव्हतं, सरांचं तर नाहीच.

काउंटर अंगणातच बोलायला लागला. उंबऱ्याशी टिका एकमेकींवर चढल्या, आणि आत गेल्यावर त्यांचा एकच लांब आवाज झाला. खोलीत अंधार होता, ओव्याची धुरी भरली होती. खाटेखाली शेगडी ठेवली होती, वर गोधडीत लंका पडली होती, अठरा-एकोणीस वर्षांची, आणि तिच्या पोटाशी तळहाताएवढ्या तोंडाचं पोर. हिरवा रंग जागोजाग उडाला होता. सगळ्यात जास्त आवाज डोक्याकडच्या बाजूला, कमानीखालच्या अँगलपाशी येत होता. आण्णांचं डोकं तिथेच असायचं, आणि आता लंकाचं होतं.

तिने लंकाला खाली घ्यायला सांगितलं. नवसाबाई आडवी आली. पाचवी पुजल्याशिवाय बाळंतीण बाजेवरून हलत नाही, हलली तर आई आणि लेकरू दोघांना बाधतं, हे शिकलेल्या बाईला सांगावं लागतं का? तेवढ्यात वाळू रानातून आला. पिशवी, यंत्र, शुभांगीचा चेहरा, सगळं त्याने पाहिलं आणि त्याचा स्वतःचा चेहरा उतरला.

"ताई, दिल्याली वस्तू परत न्यायची आसंल तर मी नाय म्हणणार नाय. पण पोरीची पाचवी तेवढी होऊ द्या."

याहून तिच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आण्णांबद्दल ती अजून कुणाशीच बोलली नव्हती, आईशीही नाही. पण इथे गप्प बसायची सोय नव्हती.

"वाळूकाका, परत न्यायला नाही आले. ह्या खाटेनं आण्णांना मारलं. फवारणीनं नाही. ह्या लोखंडातच ते आहे, दिसत नाही, वास येत नाही. आणि ही खाट मीच करून आणली होती."

वाळूने एकदा खाटेकडे पाहिलं. देवरामच्या तोंडातलं रक्त त्याने स्वतःच्या हाताने महिनोन् महिने धुतलं होतं, त्यामुळे त्याला आणखी काही पटवून द्यावं लागलं नाही. तो पुढे झाला आणि गोधडीसकट लेकीला उचललं. नवसाबाईने आक्रोश करायला तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिने पोराला घेतलं आणि त्याच्या मागे निघाली. पार दुसऱ्या टोकाच्या घरात, जमिनीवर, गोणपाटावर लंकाला निजवलं. मग पुरुषांनी लांब दोर लावून खाट ओढत ओढत कोरड्या ओहोळात नेऊन टाकली. शुभांगीने त्यांना जवळ जाऊ दिलं नाही आणि पोराटोरांना तिकडे फिरकू देऊ नका म्हणून बजावलं. मुंबईची माणसं येऊन तिला शिशात गुंडाळून नेतील, असंही सांगितलं. ओहोळाच्या कडेला पाड्यातल्या तिघी बाया उभ्या होत्या. त्या कोण ते तिने विचारलं नाही, पण तिला कळलं.

लंकाला निजवलं होतं त्या घरी परतून तिने जमलेल्या सगळ्यांना सांगितलं की खाटेवर झोपलेल्या प्रत्येकीला, प्रत्येक लेकराला आणि वाळूकाकांनाही नाशिकला नेऊन रक्त तपासायचं, गाडीची सोय ती करेल. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. नवसाबाई मात्र मघापासून त्या यंत्राकडे पाहत होती. तिने पोराला दोन्ही हातांवर पुढे केलं.

"हे ह्याला लावा, ताई."

शुभांगीने काउंटर पोराच्या पोटावर धरला. एक टिक झाली. बऱ्याच वेळाने दुसरी झाली. छातीवर, पाठीवर, टाळूवर, कुठेही तेवढंच, भिंतीत आणि मातीत असतं तेवढंच, घरचं. मघाशी खाटेपाशी किंचाळणारं यंत्र इथे गप्प झालेलं सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. तिघींपैकी एक बाई पदरात तोंड घालून रडली, आनंदाने. नवसाबाईने पोराला छातीशी घेतलं आणि त्याच्या टाळूवरून हात फिरवू लागली.

"गप्प हाय ना? म्हंजे लेकराला काय नाय. मग नाशकाला कशाला न्यायचं?"

सगळी शुभांगीच्या तोंडाकडे बघत होती. हो म्हणणं सोपं होतं. यंत्राने जे दाखवलं ते खरं होतं, त्यावर सर डोळे मिटून सही करू शकले असते. साडेतीन वर्षं तिने असंच खरं लिहिलं होतं. शुभांगीने काउंटर बंद करून पिशवीत ठेवला.

"आण्णा झोपायचे त्या जागेवर आज येताना धरलं होतं, नवसाबाई," ती म्हणाली. "तिथं पण हे गप्पच होतं."

नवसाबाईचा हात पोराच्या टाळूवर तसाच थांबला. आधी समजलं ते लंकाला. ती गोणपाटावर उठून बसली, आईच्या हातातून पोर काढून घेतलं आणि नाशिकला जायची गाडी किती वाजता येईल ते तिने शुभांगीला विचारलं.